दारावरचं भोक

परदेशातल्या आमच्या पहिल्या स्वतःच्या घरात, दाराच्या बरोबर वर, मुठीएवढं भोक आहे. ते बघते आणि मला आनंद आवरत नाही. इतकी वर्षं भाड्याच्या घरांत खिळा ठोकायला बंदी. दसऱ्याचं तोरण चिकटपट्टीवर लटकायचं आणि जेवणं उरकेपर्यंत गळून पडायचं. काल किल्ल्या हाती येताच नवऱ्याने तोरणासाठी सोलापूरची दगडी भिंत समजून हातोडा हाणला. इथली भिंत कसली, नुसता पुठ्ठा! खिळ्यामागोमाग हातोडाही आत गेला. सवयीने आम्ही दोघं कुजबुजलो, "मालक काय म्हणेल?" सह्या करतानाही घर आपलं वाटलं नव्हतं, ते त्या भोकाकडे बघता बघता वाटायला लागलं. नवरा छाती फुगवून ओरडला, "मालक म्हणतोय, दुसरा खिळा आण!"