मुराळी विमानानं आला

विमानात बसण्याआधी माणसाचंही वजन करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर आधी माझी ट्रंक काट्यावर चढली, मग मी. पेढीवरच्या सोबत्यांनी निरोपाचा हार घातला होता, तोही माझ्याबरोबर तोलला गेला. सामान जास्त भरलं. कारकून म्हणाला, "काहीतरी कमी करा." मी ट्रंक उघडली. वर माझा नवा लोकरी कोट होता, त्याखाली बूट आणि साडी, आणि तळाशी बहिणीसाठी घेतलेला स्टोव्ह नि नारळाच्या वड्यांचा डबा. मी स्टोव्ह आणि डबा काढून पोचवायला आलेल्या सोबत्याच्या हाती दिला. ऐन श्रावणात लोकरी कोट कशाला, असं त्यानं विचारलं नाही. विमानातून उतरणारा माणूस कोटात असावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी मुराळी म्हणून निघालो होतो. आमच्या निजामी मुलखात सासुरवाशीण पंचमीला आपल्या पायांनी माहेरी जात नाही. माहेरच्या माणसानं तिला न्यायला यावं लागतं. तो मुराळी. माझी धाकटी बहीण गंगू चिटगुप्प्याला दिलेली. पदरात मूल नाही. नऊ पंचम्या मी तिला न्यायला गेलो नव्हतो. दर श्रावणाच्या तोंडावर 'यंदा न्यायला येतो' असं एक पत्र टाकत होतो. आईवडील गेल्यावर आमच्या खजुरी गावातलं घरही मीच विकलं आणि मुंबईत दोन खोल्या केल्या. माहेर म्हणजे भाऊ, भाऊ मुंबईत, तेव्हा माहेरही मुंबईत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

लढाई संपून वर्ष झालं होतं. आमच्यासारखेही आता विमानात बसू लागले होते. नऊ वर्षांची कसर एका फटक्यात भरून काढायची, असं मी ठरवलं. परतीची दोन तिकिटं काढली, एक माझं, एक गंगूचं. तिला लिहिलं, 'तयार राहा, यंदा विमानानं न्यायला येतो.' त्यातला 'विमानानं' हा शब्द मी दोनदा गिरवला.

ते धूड शेपटी जमिनीला टेकून उभं होतं. आत शिरलं की चढण चढून आपल्या जागेवर जावं लागतं. बसल्यावर कानात घालायला कापूस, चोखायला गोळी आणि एक कागदी पिशवी मिळाली. पिशवी कशासाठी ते पुण्याच्या पुढे ढगात शिरल्यावर कळलं. शेजारी शेरवानीतले एक हैदराबादी वकील होते. ते माझ्याकडे पाठ करून बसले, ते थेट ढग फाटेपर्यंत. मग खाली बोट दाखवून म्हणाले, "ये हुमनाबाद की तरफ का इलाका है."

म्हणजे चिटगुप्पा आमच्या पायांखालीच कुठेतरी होतं. मी काचेला नाक लावलं. काळ्या-हिरव्या चौकटी, मधून एक लाल रस्ता. गंगूचं घर सोडाच, गावसुद्धा ओळखू येईना. विमान तसंच पुढे गेलं. मुंबईहून तिच्या डोक्यावर यायला तीन तासही लागले नव्हते. तिथून तिच्या दारात यायला मला पुरता एक दिवस लागला. गुलबर्ग्यापर्यंत आगगाडीनं येऊन पुढे मोटर धरली असती तर त्याच सुमाराला पोचलो असतो. पण आगगाडीनं काय, कोणीही येतं.

बेगमपेठेला उतरलो तर करोडगिरी (निजामाचं जकात खातं) दारातच. अंमलदारानं ट्रंक उपसून साडीची घडी मोडली.

"ये किसके वास्ते?"

"बहिणीसाठी. पंचमीला न्यायला चाललोय."

"कित्ते साल के बाद?"

हे विचारायचं त्याला काही कारण नव्हतं आणि खरं सांगायचं मला काही कारण नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं, "नऊ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, साडी पुन्हा घडी करून ठेवली आणि म्हणाला, "ले जाव." जकात घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळची गाडी धरून विकाराबादेवरून पहाटे बिदरला आलो आणि कोट-बूट चढवले. बिदरची माती लाल, भिंती लाल, आणि थोड्याच वेळात माझे बूटही लाल. चिटगुप्प्याची मोटर कोळशाच्या गॅसवर चालणारी. तिच्या पाठीवरची टाकी ढोसता ढोसता क्लीनरचं तोंड काळं झालं होतं. वाटेत एका नाल्यात ती बसली. "उतरो जी, धकेलो," कंडक्टर म्हणाला. सगळे उतरले. मी कोटाकडे बोट दाखवलं, तर मागून एक शेतकरी म्हणाला, "कोट काढा की मंग. थंडी न्हाई पडली." काढला. गुडघाभर चिखलात उभं राहून मोटर ढकलली. चिटगुप्प्यात शिरताना कोट पुन्हा चढवला, पण धोतराचं काय करणार?

गंगूच्या दारात एक बैलगाडी सोडलेली होती. बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. ओसरीवर कांबळं अंथरून एक दाढीवाला माणूस जेवायला बसला होता, शेजारी त्याची बायको, आणि गंगूची सासू स्वतः त्यांना वाढत होती. सासूनं मला पाहिलं, पदर सावरला.

"या पाव्हणं. विमान कुठं सोडलं?"

पायांवर पाणी घालून झालं. मी कांबळ्याकडे वळलो तर आतून खुर्ची आली. त्या घरात एकच खुर्ची, सरकारी माणूस आला तरच बाहेर निघणारी. मी तिच्यावर बसलो. बाकी सगळे खाली, मी एकटा वर.

दाढीवाला हात धुऊन आला. "अण्णा, वळखलं का? मी मौला. खजुरीच्या पिंजाऱ्याचा."

ओळखलं. याच्या बापानं आमच्या घरच्या गाद्या पिंजल्या होत्या.

"तू कामून आलास इकडं?" मुंबईत वीस वर्षं काढली, पण हा शब्द आपसूक आला.

"अक्काला न्यायला. पंचमी न्हाई का?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण कोणी हसलं नाही. सासूनं सांगितलं, तेही भाजीत मीठ किती ते सांगावं तशा आवाजात. "पयले तीन वरसं पोरगी गठुडं बांधून उंबऱ्याला बसायची, तुमचं पत्र आलंय म्हनून. पंचमी सरली की सोडायची. चवथ्या साली ह्यो नि ह्याची बायकू गावात गाद्या पिंजायला आल्ते. हिला बसलेली बघितलं. माज्याम्होरं येऊन म्हनला, 'मी खजुरीचा. गावाकडनं मुराळी आलोय.' बायकू संगं व्हती. म्या लावून दिली. तवापासनं येतोय, तीन मुक्काम करून."

"पण तिथं राहते कुठं? घर तर..." मी विचारलं.

"घर इकलं तुमी," मौला म्हणाला. "गाव हाय की. मैतरणीकडं उतरती. लिंबाला झोका आसतोय, समद्या पोरी जमत्यात. आमी आपलं तिच्या दारात सोडायचं नि परत आनायचं. हौ." त्याच्या बोलण्यात उपकाराचा वासही नव्हता, आणि त्याचाच मला राग आला.

गंगू बाहेर आली. नऊ वर्षांत केस कानांपाशी पांढरे झाले होते. ती माझ्या पाया पडली, मी दिलेली साडी डोळ्यांना लावून घेतली. मी तिकिटं काढून तिच्यापुढे धरली.

"पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं. पत्र दरसाल मिळतंय."

"यंदा मी स्वतः आलोय, गंगू. परवाचं विमान आहे. पंचमी मुंबईला."

"तितं माझी वाट कोन बघायलंय, अण्णा?"

मी म्हणालो, "वहिनी." खरं म्हणजे निघताना बायकोनं एकच विचारलं होतं, वन्सं किती दिवस राहणार. ते आठवलं आणि मी चिडलो. चिडलेला माणूस जे बोलतो ते बोललो. "सख्खा भाऊ दारात असताना तू पिंजाऱ्याच्या गाडीतून जाणार? लोक काय म्हणतील?"

मौलानं मान खाली घातली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. गंगू चढ्या आवाजात बोलली नाही.

"सख्खा भाऊ दारात नव्हता तवा लोक काय म्हनायले, ते मी ऐकलंय. आता न्हाई ऐकायचं मला."

सासूनंच निवाडा केला. "आमची सून मुराळ्यासंगं जाती. मुराळी सकाळीच आलाय. तुमी पाव्हणं हाव, चार दिस ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गाडी जुंपली. गाडीत कडब्यावर गोधडी, त्यावर मौलाची बायको आणि गंगू, मधे तंबिट्टाच्या लाडवांचा (भाजक्या डाळीचं पीठ आणि गूळ) डबा. गंगूनं त्यातले चार लाडू फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. मग ती थोडी सरकली, गोधडीवर शेजारी हात थापटला.

"अण्णा, तूबी चल की. जागा हाय. तीन दिसात गाव येतंय."

मौलानंही कासरा आखडून धरला. बैल थांबले. मी चिखल वाळलेल्या धोतरावर कोट चढवून उभा होतो आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. कालचा राग कोणाच्याच तोंडावर नव्हता. रजा वाढवायला एक तार पुरली असती.

"उद्याचं विमान आहे," मी म्हणालो. "तिकिटं फुकट जातील."

गंगूनं मान हलवली. "मंग जा. उशीर नको करू." गाडी हलली. वळणावर तिनं मागे पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोटरची चौकशी करायला वळलो होतो.

परतीच्या विमानात हवा चांगली होती. चार तासांच्या आत मुंबई. दुसऱ्या दिवशी पेढीवर सगळे भोवती जमले. मी त्यांना तासभर विमानाबद्दल सांगितलं: पंखे कसे फिरतात, कान कसे बसतात, ढग वरून कसे दिसतात. कोणी तरी विचारलं, "आणि बहीण?" मी म्हणालो, "तिला विमानाची भीती वाटली."

ते खोटं होतं. गंगू कशालाच भ्याली नव्हती. तिनं मला गाडीत जागा करून दिली होती, आणि मी चढलो नाही.