शालिनीताईंचा डाव

शालिनीताई परुळकर पहिल्यांदा आमच्या घाटकोपरच्या चाळीच्या देवळात आल्या, तेव्हा आम्ही चहा विचारण्याआधी बिल्डर विचारला. "बाई, तुम्ही कोणाकडून?" सेक्रेटरी तावडे म्हणाले. "नाटकाकडून," ताई म्हणाल्या. कोणीही विश्वास ठेवला नाही.

त्याला कारण होते. पुनर्विकासात आमची अर्धी चाळ पाडली गेली आणि आम्ही गोवंडीला भाड्याच्या खोल्यांत गेलो. समोरच्या अर्ध्या चाळीला तो बिल्डर मान्य नव्हता. त्यांनी कोर्टातून स्थगिती आणली, काम थांबले. मधे दोघांच्या सामाईक असे दत्ताचे देऊळ तेवढे उरले. तिथेही आरत्या दोन, एक आमची आणि एक 'समोरच्यां'ची. त्याच देवळाचा सभामंडप ताईंना तालमीसाठी हवा होता, आणि नट दोन्हीकडचे.

नाटक ग्रीकांच्या प्राचीन महाकाव्यावरचे. वर्षानुवर्षे वेढ्यात अडकलेले नगर ताईंनी बांधकामाच्या पत्र्यांमागची चाळ करून टाकले होते. त्या कथेत देवही बाजू घेऊन भांडतात, हे मला खटकले. तसे बोललो, तर ताईंनी चपला मंडपाबाहेर नीट लावत विचारले, "तुमच्या दोन आरत्यांतली दत्ताला कुठली आवडते?"

माझ्या वडिलांच्या, नानांच्या, वर्षश्राद्धाला ताई न बोलावता गोवंडीचे जिने चढून आल्या. "बिल्डरसाठी सह्या गोळा करायला आली असेल," थोरला भाऊ पुटपुटला. ताईंनी स्वतः पंगत वाढली आणि नानांविषयी बारीकसारीक विचारले. नव्या घराची वाट पाहत नाना त्याच खोलीत गेले होते.

पुढच्याच तालमीत भूमिका ठरल्या. मी म्हातारा राजा. त्याने शत्रूच्या तंबूत जायचे, मुलाला मारणाऱ्या हाताचे चुंबन घ्यायचे आणि मुलाचे प्रेत मागायचे. मारणाऱ्याच्या भूमिकेत होते सूर्यकांत घाग, स्थगिती आणणाऱ्यांतले पहिले.

"ताई, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मुद्दाम नाहीतर काय? चिठ्ठ्या टाकून नट निवडतात का?"

"मला जमणार नाही."

"नुसता हात धरा. ओठ लावायचे की नाही, ते राजा ठरवील."

तालमींत मी हात धरून सोडून देत असे. प्रयोगाला दोन्ही बाजू मंडपात वेगवेगळ्या बसल्या होत्या. मी गुडघे टेकले. घागांचा हात हातात घेतला. संहितेत नसलेले ते काहीतरी बोलले, मलाच ऐकू येईल असे: "नाना गेले तेव्हा आलेलो मी गोवंडीला. जिन्यापर्यंत. वर यायची हिंमत नाय झाली रे."

मी त्या हाताला ओठ लावले.

ते वाक्य ताईंनीच घागांना दिले असावे, असा संशय मला आजही आहे. घाग शपथेवर नाही म्हणतात. ताईंना विचारले की त्या नुसत्या हसतात.

स्थगिती उठलेली नाही. घाग आमच्या आरतीला येतात, मी त्यांच्या. पण आरत्या अजून दोनच आहेत. म्हणजे काम अर्धेच झाले आहे, आणि पंचाहत्तरी झाली म्हणून ताईंना सुट्टी नाही. दत्तमहाराजांनी त्यांचे गुडघे शाबूत आणि आवाज खणखणीत ठेवावा. चाळीची एकच आरती होईल, तेव्हा ताट त्यांच्या हाती हवे. ते वाक्य कोणाचे, हे मी त्यांना त्या दिवशी देवासमोर विचारणार आहे.