दम धर

शाहूपुरीतल्या एका सोनोग्राफी केंद्रात माझी नेहमी फेरी असे. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझं काम ठरलेलं: सुईनं काढलेल्या पेशी जागेवरच काचेवर पसरायच्या, तपासायच्या. पिशवीही ठरलेली. काचा, लांब सुया, सिरिंज, स्पिरिटची बाटली, पेन्सिल. स्वादुपिंडाची गाठ आहे असा निरोप आला की पिशवी भरतानाच मी थकायचे. निदान बहुतेक कॅन्सरचंच निघायचं, आणि ते नातेवाइकांना सांगायला मलाच पुढे करायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नेसरीकडची, अशीच गाठ असलेली एक विशीतली सून आली, सोबत सासूबाई. सर्जननी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. नेहमीचा कॅन्सर असेल तर आता ऑपरेशनचा उपयोग नाही. पण या वयात क्वचित वेगळी गाठ निघते, ती काढली की बाई बरी होते. कोणती, ते सुईनंच कळणार होतं.

सासूबाई टेबलासमोर आडव्या उभ्या राहिल्या. सुई लावली की गाठ पसरते, त्यांच्या जावेची तशीच पसरली होती, असं त्यांचं म्हणणं. जावेची आधीच पसरलेली असेल, सुईनं ती फक्त कळली, हे मी सांगितलं. अनेकदा सांगून त्या वाक्यात माझाच जीव उरला नव्हता. शेवटी टेबलावरून सूनच सासूबाईंना म्हणाली.

"आत्ती, लावूदे. काय हाय ते मला कळूदे की."

सोनोग्राफीचे डॉक्टर सुई टोचण्याआधी म्हणाले, श्वास रोखा. ती घाबरून भराभर श्वास घेत राहिली. पडद्यावर गाठ वरखाली होत होती. त्यांनी पुन्हा सांगितलं, तरी तेच. तेव्हा सासूबाई तिच्या उशाशी गेल्या.

"दम धर गं. दम धर."

गाठ थांबली. सुई नेमकी आत गेली.

रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक रक्तवाहिन्यांभोवती एकसारख्या पेशी, शेपूच्या काडीला पानं असावीत तशा. अशी काच मी पुस्तकातच पाहिली होती. बाहेर येऊन सांगितलं, वेगळी गाठ दिसते, पण मुंबईला काचा पाठवून खात्री करते, तोवर दम धरा.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"वरीसभर पोटात दुखतंय म्हणत हुती, बाई. तवा मी बी तिला ह्येच म्हणायची."

पुढल्या आठवड्यात गुरुवारी या, एवढंच मी म्हणाले.

गुरुवारी त्या एकट्याच आल्या. मुंबईचं मत माझ्यासारखंच होतं.

"गाठ निघंल?"

"निघेल."

त्या बाकावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं, मग ऑपरेशनला येताना काय काय आणायचं ते विचारलं. मी सवयीनं कागद ओढला. त्यांना वाचता येत नाही हे कळल्यावर तो बाजूला ठेवला आणि एकेक गोष्ट तोंडानंच, सावकाश, दोनदा सांगितली.