सोळा कडव्यांचं गाणं

हिंदुरावचा दिवस पावणेतीनला सुरू व्हायचा. तासगाव रस्त्यावरच्या त्याच्या गावातून बारा किलोमीटर सायकल मारून तो चारला सांगलीच्या हळदीच्या यार्डात हजर असायचा. आमची टोळी सहाला यायची. मधल्या दोन तासांत बाहेरगावची गाडी आली तर तो एकटा रिकामी करायचा. नाही आली तर बसून राहायचा. पोतं साठ किलोचं, मजुरी आठ रुपये. असं चौदा महिने चाललं. मी सव्वीस वर्षं त्याच्या शेजारी पोती वाहिली, म्हणून सांगतो, अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कुणी हौसेनं करत नाही.

त्याला बहिणीचं गाणं चित्रित करायचं होतं.

बहीण बायडाबाई, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. बौद्धवाड्यातल्या जलशात गायची. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा बाप पाझर तलावावर खडी फोडत होता. त्या कामावर त्यानं एक गाणं रचलं, सोळा कडव्यांचं. कुणी किती ब्रास खडी फोडली, कुणाचा डोळा कपचीनं गेला, कोण बाई बांधावर बाळंत झाली, सगळं नावानिशी. बाप गेला. गाणं कागदावर कधी उतरलं नाही. ते फक्त बायडाबाईला येत होतं.

"मोबाइलवर घे की," मी म्हणालो.

"घेतलं हुतं. नुसती हलगी ऐकू येती. आक्का मुक्यावानी तोंड हलवती निस्ती."

"मग घरात बसवून घे. हलगी कशाला?"

"म्हनती, समोर मानूस न्हाई तर गाऊ कुनाला, भिताडाला?"

पुण्याच्या एका संस्थेकडं त्यानं अर्ज केला. असली गाणी जपायला ते पैसे देतात, असं पुतणीनं, आम्रपालीनं, वाचलं होतं. उत्तर आलं की आधी चांगल्या चित्रीकरणाचा नमुना पाठवा. आम्रपालीनं ते वाचून दाखवलं तेव्हा हिंदुराव म्हणाला, "म्हंजे जेवून झाल्यावर ताट देनार." दुसऱ्या दिवसापासून तो चारला येऊ लागला.

सांगलीत लग्नाचं शूटिंग करणारा रोहन नावाचा मुलगा तयार झाला. दोन कॅमेरे, गळ्याला वेगळा माईक, नंतरची कापाकापी, सगळं मिळून छत्तीस हजार.

पैसे जमत आले आणि बायडाबाईच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, कंठ काढावा लागेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. तारीख मंगळवारची मिळाली. गावची जयंती आणि तिचा जलसा त्याच्या आदल्या शनिवारी होता. लग्नाची तिथी असूनही रोहननं शनिवारी पाच ते आठ वेळ काढला. आठनंतर त्याला तासगावात स्वागत समारंभ होता.

आमच्याकडं जलशात एक रीत आहे. गाणं आवडलं की माणूस उठून बक्षीस देतो. दहा, वीस, जमेल ते. गाणारानं तिथंच थांबून देणाऱ्याचं नाव पुकारायचं, मग कडवं पहिल्यापासून धरायचं. एरवी संध्याकाळभरात दहा-बारा नावं होतात.

हिंदुरावनं जयंती मंडळाच्या नानासोला आधीच सांगून ठेवलं होतं, आज नावं शेवटी एकदम वाचू. नानासो "व्हय व्हय" म्हणाला.

बायडाबाईचा आवाज जाड झाला होता, पण सुरात होता. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याला एक म्हातारा वीस रुपये घेऊन उठला. बायडाबाई थांबली. नाव पुकारलं. मग मांडवात कुजबुज झाली, नाव क्यामेऱ्यात येतंय. माणसं रांगेनं उठली. नोकरीला मुंबईला असलेल्या पोरांच्या नावानं दिले. नातवांच्या नावानं दिले. एकानं बैलाच्या नावानं दिले, लोक हसले, बायडाबाईनं तेही नाव घेतलं.

हिंदुराव कॅमेऱ्याजवळून हात हलवत होता. शेवटी स्टेजवर चढला.

"आक्का, फुडं म्हन. नावं मागनं घिऊ."

माईक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

"आपल्या बापानं धा पैशाला बी गानं थांबवून नाव घेतलंय. आज क्यामेरा आला म्हनून मानसं हलकी झाली व्हय रं?"

मांडवात टाळ्या पडल्या. तो खाली उतरला.

मीही पन्नास दिले. न देता बसणं बरं दिसलं नसतं. "लालासाहेब हमाल, सांगली, ह्येंच्याकडनं पन्नास रुपये, त्येंचं मंडळ आभारी हाय." मग तिनं सातवं कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

आठ वाजले तेव्हा नऊ कडवी झाली होती. रोहननं तारा गुंडाळल्या. तो म्हणाला, "काका, मला रविवार-सोमवार लग्नंच हायत." बायडाबाई पाणी पीत होती. गिळताना तिला त्रास होत होता. "ऱ्हायलेली उद्या म्हंते," ती म्हणाली. रविवारी तिचा आवाज उमटला नाही. नुसता वारा यायचा. मंगळवारी कंठ काढला.

हिंदुराव तिच्यासमोर बसून बघायचा. ती ओठ हलवायची, मांडीवर ताल धरायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून आम्रपाली वही घेऊन बसायची. महिनाभरात चार ओळी लागल्या, त्यातली एक बायडाबाईनं मान हलवून खोटी ठरवली. मग तिनंच वही बंद केली.

मी त्याला विचारलं, "तू लहानपणापासनं ऐकलंस, तुला काहीच येत न्हाई?"

"मला वाटायचं, ती हाय की."

पुढच्या जयंतीला मंडळानं पडद्यावर चित्रफीत लावली. बायडाबाई पहिल्या रांगेत होती, गळ्याला फडकं बांधून. नाव पुकारलं की त्या घरची माणसं ओरडायची. बैलाच्या नावाला शिट्ट्या पडल्या. दहाव्या कडव्याच्या जागी पडदा काळा झाला आणि लोक उठले. हिंदुराव खुर्च्या गोळा करायला लागला.

त्यानं चित्रफीत संस्थेला पाठवली नाही. नमुना म्हणून काय पाठवू, म्हणाला. आता तोही आमच्याबरोबर सहालाच येतो.

साडेचार हजार पोती. त्या मजुरीतून तीन तासांची चित्रफीत झाली. गाणं एकतीस मिनिटं, एकशे बारा नावं. त्रेसष्टावं माझं.