मेंढरांच्या दवाखान्यातला दाखला

शिरूरच्या स्टँडवर आबांनीच माझी बॅग एसटीत चढवली, कारण माझा दंड सुजला होता. दुसरं इंजेक्शन घेऊन दोनच दिवस झाले होते. पोरगी घर सुटतंय म्हणून रडतेय, असं लोकांना वाटलं असेल. मी रागाने रडत होते. दोन हजार एक साल. अमेरिकेतलं कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि मी अजून इथेच होते.

कॉलेजला लहानपणच्या लसींचा सरकारी दाखला हवा होता. त्याशिवाय वर्गात बसू देणार नव्हते. आबांना घेऊन मी आरोग्य केंद्रात गेले, तर तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. "मेंढरामागं फिरणाऱ्यांची कसली नोंद?"

आबांनी हात जोडले. "सायेब, मेंढराची एक लस कवा चुकवली न्हाई, पोरीची चुकवीन व्हय? म्या सोता धरली व्हती तिला."

"मग मेंढरांच्या दवाखान्यातनं आणा दाखला."

रांगेतले सगळे हसले. आबाही कसनुसं हसले. त्यांचं ते हसणं मला सर्वात जास्त लागलं.

मग पुण्यात सगळ्या लसी नव्याने घेतल्या, दोन डोसांमध्ये महिनाभर थांबले. पोहोचले तोवर लॅबमधलं माझं ठरलेलं पगारी काम दुसऱ्या मुलीला गेलं होतं. पहिला हिवाळा कुणाच्या तरी जुन्या जॅकेटवर काढला आणि रोज त्या कारकुनाला शिव्या घातल्या.

आता इथे, त्याच कॉलेजात, नव्या मुलांचे लसीचे कागद माझ्याच टेबलावर येतात. सात वर्षांनी त्यात त्या कारकुनाच्या मुलाची फाइल आली, पाठोपाठ त्याचा फोन. "ताई, तुम्ही आपल्या गावाकडच्या. पोराचं तेवढं बघा."

कागद चोख होते. ते मी सांगितलं नाही. म्हटलं, माझ्या जन्मसालाचं रजिस्टर काढा, माझं नाव शोधा आणि घरी जाऊन आबांना वाचून दाखवा. मगच फाइल पुढे सरकेल. फार मजा आली, खोटं कशाला बोलू?

रविवारी आबांचा फोन आला. "आलता गं त्यो. नाव हाय तुझं, लशीच्या तीनबी तारखा हायत. वाचताना मान वर करंना. म्या च्या पाजला."

"आबा, चहा कशाला पाजलात?" मी ओरडलेच.

"आपल्या दारात आलता न्हवं."

फाइल मंजूर केली. राग गेला नाही. तुम्ही गावाकडचे सगळे फोनवर विचारता, गावाची आठवण येते का? इथेही लोक टाकून बोलतात, पण ते मी संध्याकाळपर्यंत विसरते. त्या माणसाला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. परक्यांवर इतकी वर्षं कुणी रागावत नाही. घर माझं तिथेच आहे.