बाईसाहेबांचं माप

मास्तरांनी जन्मभर माणसांच्या कमरा मोजल्या. पोट आत ओढून उभं राहणारं गिऱ्हाईक त्यांना पायरीवरच ओळखू यायचं. मग ते टेप गळ्यातच ठेवून इकडच्यातिकडच्या गप्पा काढायचे, आणि गिऱ्हाइकाचा श्वास सुटला की टेप अलगद फिरवून खरं माप उतरवून घ्यायचे. कच्च्या दोऱ्यावर फिटिंग बघताना त्यांचा एकच प्रश्न असे, "आवळतंय कुठे?" माणूस नाही म्हणाला तरी त्याचा खांदा खरं सांगून जायचा. आपल्या हातचा कपडा तक्रार घेऊन परत येत नाही, याचा मास्तरांना गर्व होता. दुसरं गर्व करण्याजोगं जवळ काही नसल्यामुळे तो जरा जास्तच होता.

लग्न राहून गेलं होतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. बहीण विधवा, जिभेची तिखट, आणि बटणांची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

शहराबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून गाद्यांच्या खोळी शिवायचं काम आलं, म्हणून मास्तर पिंजऱ्यांची मापं घ्यायला गेले. शेवटच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्री होती. पाठीवरून गाडी गेलेली, मागचे दोन्ही पाय मेलेले. मास्तरांनी फरशीवर टेप पसरला, तशी ती पुढच्या पायांवर अंग ओढत आली आणि टेपवर हनुवटी टेकून पडली. ती हलेल म्हणून मास्तर थांबले. ती हलली नाही. मग मास्तरही खाली बसले, आणि बराच वेळ बसून राहिले. माणूस फसतो तो असाच, बसल्या जागी.

निवाऱ्याच्या डॉक्टरबाईंनी मात्र गोड बोलून गळ्यात मारली नाही. "ही दोन घरांतून परत आलीय," त्या म्हणाल्या. "मागचं अंग पूर्ण बधिर आहे. लघवी तुम्हाला पोट दाबून काढावी लागेल, दिवसातून तीन-चार वेळा. सणवार नाही, सुट्टी नाही. महिनाभर ठेवा. मग मी घरी येऊन बघेन आणि तेव्हाच ठरवेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परत इथे. मग मात्र आम्ही तिला कुणालाच देत नाही. घरं बदलून तिचेच हाल होतात." डॉक्टरबाईंनी पिंजऱ्यातल्या सिमेंटच्या फरशीकडे पाहिलं. "आणि इथे अशी कुत्री फार दिवस काढत नाहीत, मास्तर. खोटं कशाला सांगू."

घरी ताईने कंबरेवर हात ठेवून स्वागत केलं. "कुत्री आणायचीच होती तर अख्खी तरी आणायचीस. ही निम्मी कुठून उचललीस?"

"निम्मीच उरली होती."

कुत्री उंबऱ्यात छाती पुढे काढून, मान ताठ करून बसली होती. मागचं अंग जड पायघोळ झग्यासारखं जमिनीवर पसरलेलं. "या बाईसाहेब, या," ताई म्हणाली, "तुमचीच वाट बघत होतो आम्ही." चेष्टेतलं नाव तेच चिकटलं. आठवडा झाला नाही तोच ताईच्या ताटातला शेवटचा घास बाईसाहेबांच्या वाट्याला जाऊ लागला, आणि मास्तर पोट दाबायला बसले की ताई न सांगता जुनी वर्तमानपत्रं घेऊन हजर व्हायची. विचारलं तर म्हणायची, फरशी मला पुसावी लागते म्हणून.

निवाऱ्यातून मागच्या अंगासाठी कॅनव्हासची एक ढगळ पिशवी मिळाली होती, फरफटताना कातडी सोलू नये म्हणून. ती संध्याकाळी काढायची, कातडी बघायची, मग पुन्हा चढवायची, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मास्तरांना ती पिशवी डोळ्यांसमोर नको व्हायची. बटाट्याचं पोतं त्याहून बरं शिवलेलं असतं. एका सकाळी त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली आणि बाईसाहेबांना कापायच्या टेबलावर घेतलं.

टेप फिरला, खडूच्या खुणा पडल्या. बाहेरून जाड कापड, आतून मऊ अस्तर, कंबरेला पट्टी, मांडीपाशी चुण्यांचे दोन टक, आणि बळकटीसाठी आतल्या बाजूने दुहेरी शिलाई. पोट दाबताना सगळी पिशवी उतरवायला नको, म्हणून खाली टिचबटणांची झडप. कच्च्या दोऱ्यावर अंगाला लावून मास्तरांनी सवयीने विचारलं, "आवळतंय कुठे?" बाईसाहेबांनी त्यांचं मनगट चाटलं. मास्तरांनी ते नाही असं धरलं.

घोडचूक झाली ती तिथे. दुसऱ्या कुणी ती केलीच नसती, कारण दुसऱ्या कुणी इतकं अंगाबरोबर शिवलंच नसतं.

पिशवी अशी बसली की शेजारचा इस्त्रीवाला दुकान सोडून बघायला आला. "मास्तर, माझ्या लग्नातल्या कोटालासुद्धा असं फिटिंग नव्हतं." मास्तर वरकरणी नको नको म्हणाले आणि दिवसभर खुशीत राहिले. झडपेमुळे सगळं सोपं झालं होतं. संध्याकाळी पिशवी उतरवणं आधी लांबलं, मग राहूनच गेलं. एवढा नीट बसलेला कपडा उतरवून बघायचं तरी काय?

डॉक्टरबाई सकाळी येणार, असा निरोप आला त्या संध्याकाळी ताई सुईत दोरा ओवता ओवता थबकली. "तुझ्या बाईसाहेबांना वास येतोय."

"लघवीचा असेल."

"लघवीचा वास मला कळतो. महिनाभर तोच हुंगतेय."

मास्तरांनी पिशवी उतरवायला घेतली, तर अस्तर सुटेना. ते मांडीला चिकटलं होतं. कोमट पाणी सोडत सोडत त्यांनी ते वेगळं केलं. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे त्यांची दुहेरी शिलाई गेली होती, अगदी त्याच रेषेत कातडी चिरली होती. कडा काळ्या, आत ओलं लाल मांस. त्यांच्या हातची शिलाई सरळ असे. जखमही सरळच होती.

बाईसाहेब तोवर रिकामं रीळ पुढच्या पायांत धरून मजेत चावत होती. ती कळवळली असती, चावली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

ताईने गरम पाण्याचं भांडं आणलं, स्वच्छ फडकी फाडली, आणि जखम धुऊन झाल्यावर हळू आवाजात म्हणाली, "उद्या ती जुनी पिशवी चढव. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई येतील, बघतील, जातील. मग आपण दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ."

"आणि त्यांनी पिशवी उघडली तर?"

"कशाला उघडतील? तू गप्प राहा. हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

हीच ताई महिन्यापूर्वी म्हणत होती की कुत्री आजच्या आज परत नेऊन घाल. मास्तरांना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

डॉक्टरबाई आल्या त्या घाईतच. दुकानाच्या मागच्या खोलीत उकिडव्या बसल्या, बाईसाहेबांच्या हिरड्या बघितल्या, पुढच्या पंज्यांची नखं बघितली, पोट दाबून मूत्राशय मोकळं असल्याची खात्री केली. अंथरूण हुंगून पाहिलं. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. कुणी काही विचारायच्या आधीच ताई बोलत सुटली होती, खाणं किती, झोप किती, इस्त्रीवाल्याचा लळा किती.

"अंग धरलंय हिनं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा हात जुन्या पिशवीच्या नाडीकडे गेला, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रस्त्यावर कुठे तरी जनावर जखमी झालं होतं. "निघालेच," त्या फोनवर म्हणाल्या आणि उठल्या. दारात चपला सरकवत मागे वळून त्यांनी सांगून टाकलं, "माझ्याकडून हो आहे, मास्तर. ठेवा तिला."

ताईने डोळे मिटून घेतले. झालं होतं. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवणं मास्तरांना कधीच जड गेलं नव्हतं. दुसरा डॉक्टर मिळाला असता. जखमही कदाचित भरली असती. पण कालपासून एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. आत मांस चिरत असताना ही पोर खुशाल रीळ चावत होती, आणि तिच्या वतीने बोलू शकेल असं या जगात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तेही गप्प बसले, तर ती आणि दगड यांत फरक काय राहिला?

"डॉक्टरबाई, थांबा," मास्तर म्हणाले. "जखम आहे."

ताईच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

डॉक्टरबाई चपला काढून परत आत आल्या. त्यांनी आधी दुसऱ्या कुणाला फोन करून त्या रस्त्यावर पाठवलं, मग पिशवी उतरवली. बघताबघता त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "कधीपासून?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? रोज उघडून बघायला सांगितलं होतं ना मी?"

"मी नवीन शिवली. अंगाबरोबर. वाटलं, चांगली बसलीय." मास्तरांनी कपाटातून ती देखणी पिशवी काढून पुढे ठेवली. डॉक्टरबाईंनी आतल्या शिलाईवरून बोट फिरवलं आणि पिशवी बाजूला टाकली.

"दोन्ही घरांतून ही अशीच परत आली होती. दोघांनाही काही माहीत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच भीती वाटत होती. "एखादी जुनी चादर द्या, ताई. घेऊन जाते."

ताईने चादर आणली, पण दिली नाही. छातीशी धरून दारात उभी राहिली. "न्यायची तर न्या. पण आधी इथे जखम साफ करा. तशीच गाडीत घालून नेऊ नका लेकराला."

डॉक्टरबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या बॅगेतून चिमटा, औषध, कापूस काढला. "पाय धरा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "पक्का."

मास्तरांनी पाय धरला. चिमटा मेलेल्या कातडीच्या कडेखाली गेला आणि डॉक्टरबाईंनी ती ओढली.

"आई गं," मास्तर कळवळले.

डॉक्टरबाईंनी दचकून वर पाहिलं. "तुम्हाला लागलं?"

"नाही. चालू द्या."

चिमटा पुन्हा गेला. पुन्हा मास्तरांच्या तोंडून तेच. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, दात आवळून धरले होते, तरी प्रत्येक ओढीला त्यांची स्वतःची मांडी आखडत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईसाहेब मान वळवून त्यांच्याकडे नवलाने बघत होती. या माणसाला काय होतंय, हे तिला काही केल्या कळत नव्हतं. शेवटी तिने त्यांची हनुवटी चाटली.

डॉक्टरबाईंचा हात थांबला. बाहेर इस्त्रीवाल्याची इस्त्री टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हिला दुखत नाही. कधीच दुखणार नाही. अशी जनावरं त्यानंच जातात. जिवंत असेपर्यंत हिच्या वाटचं दुसऱ्या कुणाला तरी दुखावं लागतं."

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. "आता दुखतंय," ते म्हणाले. "फार दुखतंय."

"दिसतंय मला." डॉक्टरबाईंनी कापूस औषधात बुडवला. "माझा हो मी परत घेतलाय, हे लक्षात ठेवा. महिना आजपासून पुन्हा सुरू. मी न सांगता येणार, वाटेल त्या वेळी, आणि दरवेळी उघडून बघणार. एकदा जरी काही झाकलेलं सापडलं, तरी त्या क्षणी उचलून नेईन."

ताई हातातल्या चादरीची घडी घालू लागली. घडी नीट पडत नव्हती.

"अजून बरीच कातडी काढायची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि चिमटा उचलला. "पाय धरा, मास्तर. आणि ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा."

मास्तरांनी पाय धरला.