डावीकडे बघा, उजवीकडे बघा

माझ्या बाबांना आम्ही पाच दिवस मेलेल्यात जमा करून ठेवलं होतं. आम्ही म्हणजे मीसुद्धा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी डॉक्टरांवर भरपूर तोंडसुख घेणार आहे आणि मी स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे असं कुणाला वाटायला नको.

आईबाबा सांगलीहून माझ्याकडे महादेवपुऱ्यात राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती. बाबा लगेच रुळले. खालच्या भाजीवाल्या अक्कांशी 'स्वल्प कम्मी माडी' म्हणत हुज्जत घालायचे, रखवालदाराकडून रोज एक कन्नड शब्द शिकून यायचे. आईला त्याचा राग. "या वयात कसली परीक्षा द्यायची आहे?" म्हणायची आणि स्वतः हट्टाने एक शब्द शिकली नाही.

एका सकाळी बाबा दाढी करता करता कोसळले. मेंदूच्या खालच्या टोकाला गुठळी अडकली होती. डॉक्टर त्या भागाला ब्रेनस्टेम म्हणाले. आईने विचारलं, "म्हणजे देठ का?" आणि तेव्हापासून घरात देठच म्हणतात. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. श्वासाला मशीन लावलं.

मोठे डॉक्टर रोज अकराला आयसीयूत यायचे. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "बाबूजी, लेफ्ट देखिए. राइट देखिए." बाबांचे डोळे समोरच. एवढ्यावर फाइलवर शेरा, प्रतिसाद नाही. पापण्या हलतात त्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, ते आपोआप होतं. पाच दिवस हेच चाललं. जवळ जायचं नाही, वाकायचं नाही, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

पाचव्या दिवशी त्यांनी सांगितलं की शुद्ध येण्याची आशा नाही, मशीन ठेवायचं की काढायचं ते घरच्यांनी ठरवावं. माझे मोठे काका सांगलीहून आले होते. ते बाबांच्या उशाशीच उभं राहून म्हणाले, "हाल नको करायला त्याचे. उद्या सकाळी काढायला सांगू." आईने तोंडाला पदर लावला. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "तसंही त्यांना काही कळत नाहीये."

गॅस बंद करू का, असं कुणी विचारल्यावर म्हणावं तितक्या सहज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सही करायला गेलो. काका दाराशी थांबले, मी आणि आई आत गेलो. एक नर्स, इथलीच मुलगी, बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. थेंब घालताना पेशंटला वर बघायला सांगतात, तसं ती त्यांच्या तोंडावर वाकून सांगत होती, "अप्पाजी, मेले नोडी. मेले, मेले."

आईने हंबरडा फोडला आणि तिथेच फरशीवर बसली. काका धावत आत आले. त्यांनीही दारातून तोच शब्द ऐकला होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. क्षणभर मीही तेच समजले, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कन्नडमध्ये मेले म्हणजे वर. वर बघा म्हणत होती ती. आणि बाबा वर बघत होते.

"केळगे नोडी," नर्स म्हणाली. डोळे सावकाश खाली आले.

"मॅडम, दो दिन से ऐसा देख रहे हैं," ती मला म्हणाली. "मैंने सर को बोला था." सरांनी ऐकून घेतलं नव्हतं. कोण ही, थेंब घालणारी.

आईला मेले म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा ती आधी रडली आणि मग नर्सवरच उखडली. "मेली, सरळ वर म्हणायला हिचं काय जात होतं?"

दुपारी एका तरुण डॉक्टरणीने कागदावर देठ काढून दाखवला. डोळे डावी-उजवीकडे वळवण्याचा हुकूम देठाच्या मधल्या भागातून सुटतो. वर-खालीचा त्याच्याही वरून, वेगळ्या जागेतून. गुठळीने मधला भाग मारला होता, वरचा शाबूत होता. कान शाबूत, बुद्धी शाबूत. म्हणजे जे करणं बाबांना अशक्य होतं तेवढंच पाच दिवस त्यांना करायला सांगत होते, आणि जे येत होतं ते विचारलंच नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "कभी कभी ऐसा होता है." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काका म्हणाले, असलं तर आमच्या बैलबाजारातही कानावर पडत नाही.

मग ठरलं, वर बघितलं तर हो, खाली बघितलं तर नाही. आईने विचारलं, दुखतंय का? खाली. मला ओळखलंत? वर. काकांनी ओळखलंस का म्हणून तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा बाबांनी वर बघितलं.

ते दोघं चहाला गेले, तेव्हा मी बाबांच्या बरोबर डोळ्यांसमोर येईन अशी वाकले.

"बाबा, काल काका इथे बोलले, ते ऐकलंत?"

वर.

"आणि मी काय म्हणाले, ते?"

त्यांचे डोळे बराच वेळ माझ्यावरच होते. मग वर गेले.